तारखेच्या चौकटीत काय लिहायचं?

रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीची स्वतःची दिनदर्शिका काढायची आणि ती प्रत्येक घरात द्यायची, असे व्यवस्थापक समितीने ठरवले. वार, तिथी, सण, एकादश्या, बँकेच्या सुट्ट्या हे सगळे छापखान्यात तयार मिळते. उरतो तो दिनविशेष. प्रत्येक तारखेखाली जेमतेम एक ओळ मावेल एवढी जागा. त्या ओळीत इतिहासातली कोणती गोष्ट घालायची, हे ठरवायचे काम आम्हा चौघांकडे आले. दिनदर्शिका या स्मरणिकेबरोबरच तुमच्या हाती पडेल. कोणती तारीख का घेतली आणि कोणती का सोडली, याचा हिशेब सभासदांपुढे ठेवायला हवा. मेंटेनन्सचा हिशेब मागतो तसा हाही मागायचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणून हा लेख.

काम वरवर साधे दिसते. मोबाईलवर रोज सकाळी 'आजचे दिनविशेष' येतातच. जन्म, मृत्यू, शोध, लढाया, कुणाच्या तरी शतकाचा विक्रम, सगळे एका दमात. आपण वाचतो, पुढे पाठवतो आणि चहा संपेपर्यंत विसरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरचे तसे नसते. १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू झाले आणि मराठी घरात पंचांग, डायरी आणि हिशेबाची वही एकाच खिळ्याला लटकू लागली. दुधाचे खाडे त्यावर, गॅसचा सिलेंडर लावल्याची तारीख त्यावर, कामाच्या मावशींची रजा त्यावर आणि नातवाच्या परीक्षेभोवतीचे लाल वर्तुळही त्यावरच. इतिहासाची पुस्तके कपाटात राहतात, कॅलेंडर फ्रिजशेजारी असते आणि दिवसातून दहादा नजरेस पडते. आपल्या आधी काय काय महत्त्वाचे घडून गेले, हे शाळेत जाणारे मूल त्या एका ओळीवरून ठरवते. जे त्या ओळीत आले नाही, ते त्याच्या लेखी घडलेच नाही. म्हणून ओळ छोटी असली तरी ती घालताना चार वेळा विचार करावा लागतो.

आधी तारीख पक्की आहे का?

पहिली कसोटी पुराव्याची ठेवली. वाटते तितकी ती सोपी नाही बरं का.

आता शिवजयंतीच घ्या. लोकमान्यांच्या काळात हा उत्सव सुरू झाला, तेव्हा महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ साली वैशाख शुद्ध द्वितीयेला झाला असे मानले जाई. पुढे कारी गावच्या जेधे घराण्याकडची शकावली उजेडात आली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. ही शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध केली ती खुद्द लोकमान्यांनीच. ज्यांनी उत्सवाला चालना दिली, त्यांनीच उत्सवाची तिथी बदलायला लावणारा कागद लोकांपुढे ठेवला. इतिहासाशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, ते यातून कळते. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळाली. तरी वाद मिटेना. १९६६ मध्ये शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी पातळीवर निश्चित व्हायला २००१ साल उजाडले. कागद सापडल्यापासून तारीख मान्य होईपर्यंत ८५ वर्षे!

बरे, ही १९ फेब्रुवारीसुद्धा त्या काळच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजली, तर १ मार्च १६३० येते. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ चेही तसेच. नव्या मोजणीने तो १६ जून. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही तिथी मात्र दोन्हीकडे एकच. तेव्हा तारीख की तिथी म्हणून हमरीतुमरीवर येणाऱ्या दोन्ही बाजूंनी थोडे सबुरीने घ्यायला हरकत नाही. आम्ही शासनमान्य तारखेलाही नोंद दिली आणि तिथीलाही.

आपल्या ठाणे-वसईच्या बाजूचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज किल्ला सोडून गेले तो दिवस काही पुस्तकांत १२ मे आहे, काहींत २३ मे. मुलांना वाटते, कुणीतरी चुकले. कुणीच चुकलेले नाही. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवे कॅलेंडर स्वीकारले होते, मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच चालवत होते. खाडीच्या एका काठाला एक तारीख आणि दुसऱ्या काठाला अकरा दिवस मागची. शेवटी १७५२ मध्ये इंग्रजांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडवला, तेव्हा कुठे दोन्ही काठांचा मेळ बसला. आम्ही २३ मे घेतला आणि पुढे 'नव्या मोजणीने' असे दोन शब्द छापले.

पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, सगळ्यांना पाठ असतो. 'संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य तर लहानपणापासून कानावर आहे. लढाईची तारीख पक्की आहे, पण संक्रांतीची नाही. संक्रांत दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. गणित मांडले तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे लढाईच्या आधी तीन-चार दिवस. वाक्य टाळ्यांचे असले तरी दिनदर्शिकेत त्याला जागा नाही. आमच्या ओळीत फक्त 'पानिपतची तिसरी लढाई' एवढेच आहे.

'पहिला' या शब्दानेही खूप छळले. आपण ठाणेकर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ठाण्यास आली. १४ डबे, २१ मैलांचा प्रवास, सुटताना तोफांची सलामी. हा दिवस घ्यायचा यावर दुमत नव्हते. पण 'भारतातील पहिली रेल्वे' असे लिहिले की अडचण येते. मद्रासजवळ रेड हिल्सच्या दगडांची वाहतूक करायला १८३७ मध्येच लोहमार्ग टाकला होता आणि रुरकीला कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन धावले होते. म्हणून 'पहिली प्रवासी रेल्वे' असे छापले. एका शब्दाने ठाण्याचा मान कमी झाला नाही, आणि ओळ खरी राहिली.

कागदाचा दिवस की माणसांचा दिवस?

तारीख पक्की झाली तरी प्रश्न संपत नाही. एकाच घटनेच्या चार-चार पक्क्या तारखा असतात. त्यातली कोणती घ्यायची? इथे आमच्यात खरी चर्चा झाली, आणि तिचा निकाल महाडच्या चवदार तळ्याने लावला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. तळ्यावर मात्र ओंजळ बुडवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गुराढोरांना मुभा, माणसांना नाही.

मग २० मार्च १९२७ आला. महाडला भरलेल्या परिषदेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग माणसे रांगेने चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा कोर्टात चालत राहिला. हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी.

ठरावाचा दिवस, पाणी प्यायल्याचा दिवस, दहनाचा दिवस, निकालाचा दिवस. चारही खरे, चारही महत्त्वाचे. आमच्यातल्या एकांचे म्हणणे पडले की कायद्याने हक्क दिला तो दिवस मोठा. त्यावर दुसऱ्यांनी विचारले, 'हक्क दिला होता तर चार वर्षे पाणी का नाही प्यायले कुणी?' या प्रश्नाला उत्तर नव्हते. ठराव करणाऱ्यांचे श्रेय मोठेच आहे. त्या ठरावाशिवाय पुढचा कोर्टातला झगडाही अवघड गेला असता. पण साधी माणसे जिवावर उदार होऊन चालत गेली, त्या दिवशी त्या ठरावात जीव आला. म्हणून चौकट २० मार्चला दिली. आणि तिथून आमचा एक नियमच झाला. हुकूम निघाला तो दिवस आणि माणसांनी काही केले किंवा सोसले तो दिवस, यांत निवडायची वेळ आली, तर दुसरा घ्यायचा.

हाच नियम पुढे महाराष्ट्र दिनाला लागला. १ मे १९६० घेतलाच पाहिजे. तो राज्य मिळाल्याचा दिवस. पण ते सहज मिळाले नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि १५ जणांचा बळी गेला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा उसळलेल्या आंदोलनात त्याहून कितीतरी अधिक माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. १०५ हुतात्मे हा आकडा आपल्या तोंडी बसला. नंतर यादीत भरही पडली. आपण रोज त्या हुतात्मा चौकातून बस पकडतो, पण २१ नोव्हेंबर म्हणजे काय, असे विचारले तर घरोघरी शांतता. सुट्टी नसलेला दिवस लक्षात राहत नाही, हे खरे कारण. सुट्टी देणे आपल्या हातात नाही, ओळ देणे आहे. ती दिली.

कुणाचा १५ ऑगस्ट?

छापखान्याने नमुन्यादाखल एक तयार यादी दिली होती. तिच्यात १५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाल्याची नोंद होती, पण १७ सप्टेंबरची चौकट रिकामी होती. ती यादी पाहून सी विंगमधल्या एका आजींनी विचारले, 'आमचा सतरा सप्टेंबर कुठंय?' आजी लातूरकडच्या. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबई-पुण्यात तिरंगा चढला, तेव्हा त्यांचे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता, आणि रझाकारांची दहशत होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. देश स्वतंत्र झाल्यानंतर तब्बल तेरा महिन्यांनी मराठवाडा मोकळा झाला. आजींच्या माहेरी त्या तेरा महिन्यांच्या गोष्टी अजून सांगतात. सोसायटीत राहून पंचवीस वर्षे झाली, तरी आपल्यापैकी किती जणांनी त्या विचारल्या?

ए विंगमधल्या गोव्याच्या कुटुंबाचीही गोष्ट तीच. त्यांचा मुक्तिदिन १९ डिसेंबर १९६१. आपण चौदा वर्षे झेंडावंदने करून मोकळे झालो, तेव्हा पणजीवर पोर्तुगालचा झेंडा होता. एकच देश, आणि स्वातंत्र्याच्या तीन तारखा. यातली एक मोठी आणि दोन छोट्या असे म्हणता येत नाही. ज्याच्या दारात जी उजाडली, त्याची ती. एका इमारतीत राहायचे, तर शेजाऱ्याची तारीख आपल्या भिंतीवर असली पाहिजे. म्हणून तिन्ही घेतल्या.

याच कारणाने ३० सप्टेंबर आला. १९९३ मध्ये अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली, आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गेली, हजारो माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आला. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आला, कारण आपल्यातल्या दोन पुणेकर घरांत तो दिवस अजून 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशा शब्दांत जिवंत आहे.

परदेशातल्या घटना घ्यायच्याच नाहीत, असे नाही. चंद्रावर माणूस उतरला ती गोष्ट साऱ्या माणसांची. पण तिथेही गंमत आहे. जगभर २० जुलै १९६९ सांगतात. यान उतरले तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून २१ जुलै लागला होता. टायटॅनिक मात्र वगळले. त्याच्यावर सिनेमा आहे, त्याला आपल्या चौकटीची गरज नाही.

एका चौकटीत दोघे

काही तारखांवर गर्दी होते. १ ऑगस्ट १९२० हा दिवस पाहा. त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी, त्याच वर्षी, वाटेगावला अण्णा भाऊ साठ्यांचा जन्म झाला. चौकटीत ओळ एकच. ज्येष्ठ सभासद म्हणाले, टिळक पुण्यतिथीला आम्ही शाळेत भाषणे केलीत, ती कशी वगळणार? तरुणांचे म्हणणे, 'फकिरा' लिहिणारा माणूस आपल्या शेजारच्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहत होता, त्याचे नाव या भिंतीवर नको का? आवाज थोडे चढले हे खरे. दिनदर्शिकेवरून भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण भांडण जागेचे नव्हते. माझ्या माणसाला या घरात जागा आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या तळाशी होता.

तोडगा साधा निघाला. अक्षर एक मापाने लहान केले आणि दोन्ही नावे एका ओळीत बसवली. एकाचे जाणे आणि एकाचे येणे. मूल ती ओळ वाचून विचारील, हे दोघे कोण? तेव्हा घरातल्यांना दोघांबद्दल सांगावे लागेल. २६ नोव्हेंबरलाही तेच केले. १९४९ मध्ये या दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले. २००८ मध्ये याच रात्री मुंबईवर हल्ला झाला. दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकू नये म्हणून दोन्ही ठेवले, आणि संविधान आधी लिहिले.

जयंत्या-पुण्यतिथ्यांबद्दलही सांगून टाकतो. सरसकट घ्यायच्या ठरवल्या असत्या, तर ३६५ चौकटी पुरल्या नसत्या. शिवाय माणूस जन्मतो त्या दिवशी त्याने केलेले काहीच नसते. म्हणून जिथे जमेल तिथे कामाचा दिवस धरला. दादासाहेब फाळक्यांची जयंती ३० एप्रिलला. आम्ही ३ मे घेतला, कारण १९१३ मध्ये त्या दिवशी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रेक्षकांपुढे आला. लोकांनी स्वतःच ज्यांची जयंती उत्सव म्हणून स्वीकारली आहे, त्या शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब अशा मोजक्या जयंत्या ठेवल्या. कुसुमाग्रजांची २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन म्हणून आलीच.

तारीख नसलेला इतिहास

सर्वांत अवघड भाग आता. इतिहासातल्या काही मोठ्या गोष्टींना तारीखच नसते, आणि दिनदर्शिका त्यांना अलगद विसरते.

१९७२ चा दुष्काळ कोणत्या दिवशी पडला? पाऊस न येणे ही काही एका दिवसाची घटना नव्हे. खडी फोडणारे हात, सुकडी, परदेशातून आलेला मिलो, ओस पडलेली गावे, यातले काहीच चौकटीत बसत नाही. आपल्यातली काही कुटुंबे त्या वर्षी गाव सोडून मुंबईकडे आली, तेही एका दिवसात ठरले नव्हते. दुष्काळाला तारीख नाही. त्यातून बळ मिळालेल्या कायद्याला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. मागेल त्याला काम, हा हक्क देशात आधी महाराष्ट्राने दिला. आमच्या नियमाप्रमाणे हा कागदाचा दिवस. पण दुसरी तारीखच नसेल, तर कागदाचा आधार घ्यावा लागतो. तो घेतला.

गिरणी संपाचे दुखणे वेगळे. तो सुरू झाल्याची तारीख पक्की आहे, १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपला कधी? तो रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. कुणी गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी परळ-लालबागची खोली विकून ठाण्याच्या पुढे आले. आपल्या सोसायटीच्या पहिल्या सभासदांत अशी घरे आहेत. ज्याला शेवट नाही त्याचा 'वर्धापन दिन' कसा करणार? ओळ घेतली ती अशी : 'गिरणी कामगारांचा संप सुरू.' पुढे पूर्णविराम दिलेला नाही. ती छपाईतली चूक समजू नये.

आणि एक गोष्ट बोलायला हवी, जरी ती बोलताना जीभ अडखळते. १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट सगळ्या याद्यांत सापडतात. २५७ माणसे गेली, तारीख स्वच्छ आहे. त्याच्या आधी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, त्यांत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्या दोन महिन्यांत पसरलेल्या. त्यांची एक अशी तारीख नाही, म्हणून त्या कुठल्याच यादीत नाहीत. मनात कुणाच्या काही नसतानाही दिनदर्शिका एकाचे मरण लक्षात ठेवते आणि दुसऱ्याचे सोडून देते. आम्ही १२ मार्चची ओळ ठेवली, आणि जानेवारीच्या पानाच्या तळाशी, तारखांच्या खाली, दंगलीतल्या मृतांसाठी एक ओळ दिली. दुष्काळाची ओळही अशीच जून महिन्याच्या पानाखाली आहे. काही सभासदांना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे. सणावाराच्या कॅलेंडरवर हे कशाला, असा त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की मेलेल्यांत आपल्यासारखीच, चाळीत आणि इमारतीत शेजारधर्म पाळून राहणारी माणसे होती.

आपली पंचवीस वर्षे

२००० साली सोसायटीची नोंदणी झाली. त्यानंतरचा इतिहास आपणच पाहिलेला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे पुस्तकात मिळेल. त्या रात्री गाड्या बंद पडून अडकलेल्या अनोळखी माणसांना आपल्या कम्युनिटी हॉलमध्ये झोपवले आणि तिन्ही विंगमधून पोळ्या गोळा केल्या, हे पुस्तकात नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली, तो गुढीपाडवा होता, हे पंचांग सांगेल. त्या पाडव्याला गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या होत्या आणि जिन्यात शुकशुकाट होता, हे आपल्यालाच सांगावे लागेल.

महाडच्या तळ्याने शिकवलेला नियम आपल्या घरच्या इतिहासालाही लावून पाहिला. नोंदणीचा दिवस दरवर्षी साजरा होतो, कारण त्याचे सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावले आहे. पण पहिली काही वर्षे आपण टँकरच्या पाण्यावर काढली. बिल्डरने हात वर केले होते. सभासदांनी, विशेषतः घरातल्या बायकांनी, बादल्या घेऊन पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात चकरा मारल्या, तेव्हा नळाला पाणी आले. कन्व्हेयन्स तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. त्या पाण्याच्या दिवसाची तारीख कुणाच्याच लक्षात नाही, म्हणून जुनी इतिवृत्ते काढून बसलो. ती मिळाली. दिनदर्शिकेत आता नोंदणीच्या दिवसाबरोबर तीही आहे.

दिनदर्शिकेत साधारण चाळीस चौकटी रिकाम्या आहेत. जागा भरायची म्हणून काहीही भरले नाही. तुमच्या घराण्याची, गावाची, गिरणीची, गल्लीची एखादी तारीख तिथे यावी असे वाटत असेल, तर ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये तारीख, घटना आणि तिचा पुरावा अशा तीन गोष्टी नोंदवा. पुरावा म्हणून जुने पत्र चालेल, रेशन कार्ड चालेल, पावती चालेल, दोन ज्येष्ठांनी स्वतंत्रपणे सांगितलेली आठवणही चालेल. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेसाठी नोंदी दसऱ्यापर्यंत घेतल्या जातील. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत, त्यांनी दसऱ्याचीही वाट पाहू नये. आज रात्री जेवणानंतर विचारून घ्यावे.